कडुबाचा उजवा अंगठा

माघातली पुनव उलटली तरी थंडी पडेगावचा माळ सोडायला तयार नव्हती. वारं दौलताबादच्या अंगानं सुटलेलं, कानाच्या पाळ्या ठणकायला लावणारं. उजाडताना कडुबा वाघूर सोडायला बसला. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण उभारतात ती वाघूर. तिच्या गाठी गारठ्यानं आवळल्या होत्या. धड हाताच्या माणसाला ते काम बिडी विझायच्या आत उरकणारं. कडुबा दोरीचं एक टोक दातात धरायचा, दुसरं डाव्या हातानं ओढायचा. उजवा हात मांडीवर नुसता पडून, पाहुण्यासारखा.

"दाजी, सरका. मी सोडतो," रामहरी म्हणाला.

"सोडून राह्यलो ना मी."

"तुमची गाठ सुटूस्तोर मेंढरं उपाशी मरतीन."

रामहरी हा कडुबाच्या बायकोचा, म्हाळसाबाईचा, धाकटा भाऊ. तोंडाचा फटकळ, पण दिवाळीपासून स्वतःच्या मेंढरांबरोबर बहिणीची ही चाळीस मेंढरंही तोच वळत होता. दिवाळीच्या पाडव्याला कडुबाच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय महिन्याभरात माघारी आला, जीभ आली. उजव्या हाताचं मनगट थोडं वळायला लागलं, चार बोटं मिटायला लागली. अंगठा मात्र आलाच नाही.

आणि कडुबाचं सगळं नाव त्या अंगठ्यात होतं. पडेगाव, मिटमिटा, पार वेरूळपर्यंत मेंढरांची कातरणी म्हटली की त्याला बोलावणं यायचं. बसल्या बैठकीला वीस मेंढरं कातरायचा आणि एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. कातर अशी चालायची की मेंढराला झोप लागावी.

"दाजी, शिवरात्र झाली की मी गंगथडीला निघणार, गोदेच्या काठाला," रामहरीनं गाठ सोडता सोडता सांगितलं. "इथं चारा नाय राह्यला. जिकडं पाहावं तिकडं प्लॉटिंगचे दगड. तुमची मेंढरं मला संगं नेता यायची नाय. काय ते ठरवा."

ठरवलं म्हाळसाबाईनं होतं. ती रोपवाटिकेत मजुरीला जायची. आदल्या सकाळी डोक्याला फडकं बांधता बांधता तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "हे पाहा, मी काय तुमच्या मेंढरांची वैरीण नाय. पण अडलेल्या मेंढीचं पिलू कोण वढणार? बिथरलेला मेंढा कोण धरणार? शिवरात्रीच्या आत एक मेंढरू कातरून दाखवा, मी पुन्हा तोंड उघडणार नाय. न्हाईतर मेंढरं इकत मागणाऱ्या वेरूळच्या अप्पारावाला हाव म्हणायचं. मेंढक्याच आहे तो, नीट सांभाळीन."

शिवरात्रीला अकरा दिवस होते.

दवाखान्यातल्या बाईनं हातासाठी मागंच स्पंजचा चेंडू दिला होता. रोज शंभर वेळा दाबायचा. कडुबानं तो तीन दिवस दाबला आणि चौथ्या दिवशी कुत्र्याला टाकला. आता मुदत पडल्यावर पोरीनं, ज्ञानेश्वरीनं, दुसराच उपाय काढला. ती गारखेड्याला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकत होती. तिच्याकडं जुना लॅपटॉप होता आणि त्यात एक गेम. क्लास दुपारचा, म्हणून सकाळी मेंढरं माळावर गेली की ती बापाला ओट्यावर बसवायची आणि त्याच्या हातात गेमचा कंट्रोलर द्यायची. कडुबा त्याला रिमोट म्हणायचा.

गेमात एक जळून गेलेलं राज्य होतं. त्यातून भाला घेतलेली एक पोरगी एकटीच निघालेली. झाडं, ढग, तिचा फडफडणारा पदर, सगळं हातानं काढलेलं. डाव्या अंगठ्यानं तिला चालवायचं आणि उजव्या अंगठ्यानं उडी, भाला, कोलांटी. कोलांटीचं बटण दाबलं की वार चुकायचा.

"हे सगळं कुणीतरी बसून काढलंय, आबा. एकेक पाऊल येगळं चित्र."

"येवढं रिकामं कोण हाये?"

"माझ्यासारखं कुणीतरी."

पहिल्या दिवशी पोरगी जागेवरच उभी राहून कोल्ह्यांकडून मेली. दुसऱ्या दिवशीही. कडुबा दात खायचा. उजव्या अंगठ्याला हुकूम द्यायचा आणि खांद्यापर्यंतचा हात थरथरायचा, अंगठा आपला जागच्या जागी. त्यानं हळूच डावा हात पलीकडं नेऊन बटण दाबलं तर ज्ञानेश्वरी ओरडली.

"आबा! चोरी नाय करायची!"

"आगं, मेली ना ती!"

"मरू द्या. पुन्हा उठती ती. डावा हात काढा आधी."

चौथ्या दिवशी अंगठा हलला. जवाभर. त्या दिवशी कडुबानं तीन कोल्हे मारले आणि म्हाळसाबाई कामावरून आल्याबरोबर तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या कोल्ह्यांनी कुणाचं मेंढरू नेलं होतं?" पण बोलताना तिचा आवाज हलका झाला होता, आणि कडुबानं तो ऐकला.

सहाव्या दिवशी पूल आला. पुलावर एक जनावर उभं होतं. बैलाएवढं, अंगावर लोकरीच्या जटा, दोन फेरे मारलेली शिंगं. कडुबानं त्याचं नाव शिंगाळ्या ठेवलं. शिंगाळ्या धाव घ्यायचा आणि पोरगी पुलाखाली.

दुपारपर्यंत पोरगी चाळीसदा पुलाखाली गेली. मग कडुबा खेळायचा थांबला आणि नुसता पाहत राहिला.

"ज्ञाने, ज्यानं हे काढलं ना, त्यानं मेंढा पाह्यलाय गं."

"कशावरून?"

"टक्कर द्यायच्या आधी डावा खांदा टाकतो बघ. मागला पाय रुतवतो. अस्सल मेंढा असाच करतो. आता... पाहा... आत्ता!"

त्यानं 'आत्ता' म्हटलं आणि शिंगाळ्या सुटला. ज्ञानेश्वरीनं रिमोट घेतला. बाप 'आत्ता' म्हणायचा, ती बटण दाबायची, पोरगी कोलांटी मारून सुटायची. चौथ्या 'आत्ता'ला ती हसायला लागली. "आबा, तुम्हाला तर सगळं कळतंय!"

कडुबा हसला नाही. कळतंय हेच तर दुखणं होतं. डोळ्याला कळायचं, मनाला कळायचं, आणि निरोप अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर शिंगाळ्यानं पोरीला उडवलेलं असायचं.

सात, आठ, नऊ. दिवस तसेच गेले. कडुबानं बिडी सोडली, दुपारची झोप सोडली. मेंढरांकडं पाहणंसुद्धा टाळायला लागला. ज्ञानेश्वरी क्लासला गेली की एकटाच खेळायचा. माळावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं, की बासष्ट वर्षांचा कडुबा पागोटं बाजूला ठेवून, लहान लेकरासारखा जीभ बाहेर काढून, पडद्याला शिव्या देतोय.

"कडुबाला दुसऱ्यांदा झटका आला काय?" कुणीतरी रामहरीला विचारलं.

"पहिलाच उतरला नाय अजून," रामहरी म्हणाला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, कडुबानं रिमोट खाली ठेवला, उठला आणि उजवा हात दाराच्या चौकटीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. म्हाळसाबाई पिठाच्या हातानं धावली.

"अवं, येडं लागलं का? हातच मोडून घेता!"

"मोडू दे. कुणाच्या कामाचा हाये!"

तिनं त्याचा हात पदरात घेतला. बोटांची सालटं निघाली होती. त्याला काहीच जाणवलेलं नव्हतं, आणि त्यालाच तो जास्त भ्याला. तो जेवला नाही. ज्ञानेश्वरी चुलीजवळ बसून सगळं पाहत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच परातीत ठेवला.

अकराव्या दिवशी सकाळी, मेंढरं माळावर जायच्या आत, तिनंच रिमोट आणून दिला. "आबा, एक डाव."

शिंगाळ्यानं डावा खांदा टाकला. मागला पाय रुतवला. कडुबाचा अंगठा हलला, आणि पोरगी सुटली. पुन्हा खांदा पडला, पुन्हा सुटली. भाला बसला. कडुबाच्या कपाळावर गारठ्यात घाम आला.

"हे जनावर आज सुस्त कामून वाटून राह्यलं?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "पाय जड टाकतंय. पोट फुगलेल्या जनावरावानी."

ज्ञानेश्वरीनं चुलीकडं पाहिलं.

आठव्या भाल्याला शिंगाळ्या गुडघ्यावर आला आणि पुलावर आडवा झाला. भाल्याची पोरगी पूल ओलांडून गेली. कडुबा ओरडलाच, "म्हाळसे! ये म्हाळसे! पाडला!" बायकोला एकेरी नावानं त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच हाक मारली असावी. मग रिमोट टाकून तो थेट आड्याला लटकवलेली कातर काढायला गेला.

"आबा, थांबा जरा. उद्या..."

"उद्या शिवरात्र! रामहरी, बांडीला आण."

बांडी ही काळ्या-पांढऱ्या अंगाची मेंढी, स्वभावानं सगळ्यात गरीब. रामहरीनं तिला आडवी पाडली, पाय धरले. म्हाळसाबाई कामावर निघायची थांबली. कडुबा गुडघ्यावर बसला, कातरीच्या पात्यांना त्यानं तेलाचं बोट लावलं आणि मानेपासून सुरुवात केली.

पहिली चार बोटं लोकर नीट निघाली. कराकरा आवाज आला, लोकरीचा जाड पदर उलटा पडला, आणि रामहरीच्या तोंडून 'आरे वा दाजी' निघून गेलं. म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. कडुबाला सगळं आठवत होतं, कुठं कातडी ताणायची, कुठं हात हलका करायचा. बरगड्या संपून जांघेकडची सैल कातडी आली. इथं अंगठ्यानं कातर उचलून धरायची असते.

अंगठा उचललाच गेला नाही. पाती मिटली ती कातडीसकट.

बांडी ओरडली नाही. मेंढरू सहसा ओरडत नाही. तिनं फक्त डोळा मोठा केला आणि अंग आखडलं. तळहाताएवढी कातडी लोंबली आणि पांढऱ्या लोकरीत रक्त भराभरा पसरलं.

रामहरीनं कडुबाच्या हातातली कातर काढून घेतली. एकेक बोट सोडवून घ्यावी लागली.

म्हाळसाबाई हळद आणायला आत पळाली. ज्ञानेश्वरी ओट्यावरच खाली बसली आणि रडायला लागली.

"आबा, मी केलं. गेममध्ये सोपं करता येतं. रात्री तुम्ही जेवला नाय म्हणून सकाळी मी सोपं करून ठेवलं. जनावर हळू केलं मी. मला वाटलं, एकदा जिंकले तर... कातर घेसाल असं नव्हतं वाटलं मला."

रामहरीनं भाचीकडं असं पाहिलं की ती आणखीच आक्रसली. "तुह्या असल्या शहाणपणानं..."

"तिला बोलू नको," कडुबा म्हणाला. तो अजून गुडघ्यावरच होता, दोन्ही हात बांडीच्या पाठीवर. "म्या पाह्यलं होतं."

"काय पाह्यलं होतं?"

"ते जनावर हळू झाल्यालं. सारा जन्म मेंढरं पाह्यली, दुरून सांगतो कोणतं आजारी हाये. ते मला दिसलं नसंन? दिसलं होतं. म्हनलं बी मी तोंडानं. पण मनाला म्हनलं, जनावर हळू नाय, तूच चपळ झाला, कडुबा." त्यानं डोकं हलवलं. "मेंढीपुढं खोटं चालत नाय."

म्हाळसाबाईनं हळद दाबून धरली. तिच्या बोटांतून रक्त झिरपत होतं, मग हळूहळू थांबलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि जे बोलायचं ते बोललीच नाही.

कडुबानंच ते बोलून टाकलं. "रामहरी, अप्पारावाला फोन लाव."

"दाजी, दोन दिवस थांबतो मी. येवढी घाई..."

"लाव म्हनलं ना."

रामहरीनं फोन लावून त्याच्या डाव्या कानाला धरला. कडुबा एवढंच म्हणाला, "राम राम अप्पाराव. कडुबा बोलतोय. या उद्या. हाव. सगळी. एक सोडून. तिला जखम हाये, तिला नेऊ नका." पलीकडून अप्पाराव बराच वेळ काहीतरी बोलत होता, तब्येतीचं, हवापाण्याचं. कडुबा हाव हाव करत ऐकत राहिला. शेवटी त्याच्यानं ऐकवेना तेव्हा त्यानं मान बाजूला घेतली.

ज्ञानेश्वरी डोळे पुसत जवळ आली. "आबा, गेम काढून टाकू का?"

कडुबानं बांडीच्या जखमेवर घोंगावणारी माशी हाकलली. मग म्हणाला, "काढू नको. जसं होतं तसं अवघड करून ठेव. माह्या देखत कर."

"आत्ता?"

"आत्ता नाय. आत्ता माश्या बसतीन जखमेवर. अळ्या पडल्या तर जाईन ती."

तो ओट्याचा आधार घेऊन उठला. घरामागच्या बांधाला सीताफळीची झुडपं होती, थंडीनं बरीचशी उघडी पडलेली. कडुबानं बुंध्याशी उरलेला, जखमेत अळ्या पडू न देणारा हिरवा पाला डाव्या हातानं ओरबाडला, धोतराच्या सोग्यात घेतला आणि पाट्याशी येऊन बसला. वरवंटा एका हातानं आवरत नव्हता, सारखा घसरून पाट्याबाहेर जात होता. त्यानं उजवी मूठ वरवंट्यावर ठेवली, तिच्यावर डावा तळवा दाबला, पाण्याचा हबका मारला आणि पाला वाटायला लागला.