रुईच्या पोटातली आग

बिडी मी ओढायचो, हे आधीच सांगून टाकतो. मलकापुरातल्या ज्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी रुईघराचा मुकादम होतो, तिथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण ओढायचो ती फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपाशी. थोटूक चपलेखाली चिरडायचो आणि मगच आत पाय टाकायचो. माझा स्वभाव तापट. आत कोणी नुसती काडीपेटी काढली तरी मी त्याच्या अंगावर धावून जायचो. आग लागली तेव्हा मात्र हे कोणालाच आठवलं नाही. आठवली ती माझी बिडी.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, ते दिवस. कापसाचा हंगाम भरात आला होता आणि फाटकासमोर गाड्यांची रांग लागलेली असायची. आत बाया यंत्रांपुढे बसून कापूस घालायच्या. चामड्याच्या रोलरवरून रुई सुटून पुढे जायची, सरकी खाली पडायची. ती सगळी रुई माझ्या रुईघरात येऊन साचायची. त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी दारातच होतो. ढिगातून धुराची बारीक रेघ वर आली, मी ओरडलो, आणि तेवढ्यात भडका उडाला. नगरपालिकेचा बंब वेळेवर आला म्हणून अर्धं रुईघर वाचलं. कोणी दगावलं नाही. माझे तळहात मात्र चांगलेच पोळले, कारण जळती रुई मी हातांनीच बाहेर ओढत होतो.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात एकच बोलणं. मुकादमानं बिडी टाकली! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. जिनाचे शेठजी माणूस वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "अकोल्याहून आगीचा तपास करणारे साहेब येणार आहेत. ते काय लिहितात ते पाहू. तोवर घरी बस." साहेबांनी बिडी लिहिली तर नोकरी तर जाणारच होती, वर पोलीसही दारात येणार होते.

घरी बायको माझ्या तळहातांना खोबरेल लावत होती. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. खाली मान घालून तिनं विचारलं, "खरं सांगा, तुमी आतमंदी बिडी पेली का?"

"नाही."

"मंग सारे तसं काऊन म्हनून राह्यले?"

मी हात हिसकावून घेतला. पोळल्याचं दुखणं परवडलं, हे नको, असं झालं मला.

बातमी धामणगाव बढ्यापर्यंत, माझ्या सासुरवाडीपर्यंत, पोहोचायला वेळ लागला नाही. सासरे गाडी जुंपून आले. ते कापूस पिकवणारे, बोलायला मोजके. "जवाईबापू, तुमचं काय ते ठरेपर्यंत पोरीले मी घेऊन जातो. लोकं काय काय बोलून राह्यले, आयकवत नाही." मी बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणाली नाही. साहेबांचा तपास आपल्या कानांनी ऐकायचा आणि मगच निघायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. म्हणजे नोकरी आणि बायको, दोन्हींचा निकाल एकाच दिवशी लागणार होता.

साहेब आले ते शिंकतच. जिनातला तंतू त्यांना सोसत नसावा. उंच, किडकिडीत, कपाळावर कायमची आठी. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, मी आत बिडी ओढली नाही."

"ते मी विचारलं नाही. धूर कुठून आला ते दाखव."

मला इतका राग आला! पण दाखवलं. ते गुडघ्यांवर बसले आणि जळता जळता वाचलेला रुईचा एक ढीग दोन्ही हातांनी अलगद फाडला. वरून रुई पांढरीशुभ्र, आणि पोटात काळी ठिक्कर. "वरून बिडी पडली असती, तर आधी वरचं जळालं असतं," ते शेठजींना म्हणाले. "ही आग रुईच्या पोटातून आली आहे. म्हणजे ठिणगी रुईबरोबरच आत आली." मग रुई ज्या वाटेनं येते तिच्या उलट दिशेनं ते निघाले, रुईघरापासून यंत्रांकडे. एका यंत्राच्या पात्यावर बोट फिरवून थांबले. पात्याला ताजी खाच पडली होती. खालची सरकी त्यांनी चाळायला लावली, पिशवीतून लोहचुंबक काढून तिच्यातून फिरवलं. चुंबकाला एक खिळा चिकटून आला. बैलाच्या खुराला पत्री ठोकताना मारतात तसला, एका बाजूनं पात्यावर घासून चकाकणारा; ठिणगी तिथंच उडाली होती.

तो खिळा तळहातावर घेऊन ते फाटकापाशी आले आणि गाडीवाल्यांना विचारलं, "हा कापसात कसा येतो?"

सगळे आपापल्या बैलांकडे पाहू लागले. मी शहरातला, माझ्याकडे जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे मला यातलं काही कळेना. तेवढ्यात सासरे पुढे झाले.

"साहेब, आमी कास्तकार कापसाच्या गंजीत लोखंड खुपसतो. पांढराशिप्पट ढीग पाहून कोनाची नजर लागू नये म्हनून. कोनी इळा, कोनी खिळा. गाडी भराच्या घाईत ते तसंच ऱ्हायते. माह्या बी घरी हाय."

"मग हा खिळा तुमचा आहे?"

"काय सांगू? असंन बी."

शेठजींची मान गर्रकन वळली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! हंगामात सासऱ्यांचाही कापूस याच जिनात आला होता. गप्प राहिले असते तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं. मला लेकीच्या लायक न समजणारा हा माणूस माझ्यासाठी सगळा दोष अंगावर घ्यायला उभा होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

साहेब हसले नाहीत, ओरडले नाहीत. खिळा कोणाचा, हे त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. म्हणाले, "लोखंड ठेवू नका असं मी सांगत नाही. त्याला दोरी बांधा आणि दोरीचं टोक गंजीबाहेर राहू द्या. गाडी भरण्याआधी दोरी ओढायची." शेठजींना त्यांनी प्रत्येक यंत्रापुढे चुंबक बसवायला आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवायला सांगितलं. पुढे आसपासच्या गावांतून येणाऱ्या गाडीवाल्यांना दोरीची गोष्ट मीच फाटकात उभा राहून सांगत असे, जरा चढ्या आवाजात.

साहेबांना स्टेशनावर सोडायला मी गेलो. त्यांची पिशवी हातात द्यायच्या आधी पायांना हात लावायला वाकलो, म्हणालो, "तुमचे उपकार कसे फेडू?" ते मागे सरले.

"उपकार कसले? रुई वरून जळालेली दिसली असती, तर तुझं नाव लिहून याच गाडीनं गेलो असतो."

आणि शिंकत डब्यात चढले. मी घरापर्यंत धुमसत आलो. एवढा शिकलेला माणूस, पण एक गोड शब्द तोंडातून निघू नये? सासरे एव्हाना रिकामी गाडी घेऊन परतले होते. बायकोला मी साहेबांचं बोलणं रागारागात सांगितलं, आता तरी ती माझी बाजू घेईल म्हणून.

ती चुलीपुढून उठली. पोळलेले माझे दोन्ही हात तिनं आपल्या हातात घेतले आणि हुंदका आवरत म्हणाली, "देव त्यायचं भलं करो. तुमची कीव येऊन त्यायनं तुमचा दोष नाही असं लिवलं असतं ना, तर मले जलमभर वाटलं असतं, का तुमीच लावली."