ओरसंगच्या रेतीत राजेश्वरीबेन

बडोद्याच्या समा भागातल्या राजेश्वरी शिर्केला गावोगावची माणसं राजेश्वरीबेन म्हणतात. पेशाने ती परिचारिका. शहरातल्या एका लहानशा संस्थेसाठी ती डभोईकडच्या गावांत घरोघर फिरते. ज्यांचा आजार आता बरा होण्यातला उरलेला नाही, त्यांच्या जखमा धुवायच्या, दुखणं कमी होईल असं औषध द्यायचं, घरच्यांना चार गोष्टी समजावून सांगायच्या, हे तिचं काम.

संस्थेचा ड्रायव्हर भूजला निघून गेला, तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत गाडी उभीच राहणार अशी चिन्हं दिसू लागली. रोग्यांना मात्र थांबायला वेळ नव्हता. राजेश्वरीने किल्ली मागून घेतली. ड्रायव्हिंग तिला वडिलांनी, मानसिंगरावांनी, त्यांच्या जुन्या जीपवर शिकवलं होतं. त्या जीपला गियरशेजारी आणखी एक दांडा होता. चिखल आला की तो ओढायचा, मग चारही चाकं जोर लावायची. पक्की सडक लागली की तो परत ढकलायचा. एकदा ती विसरली आणि गल्लीत वळताना स्टिअरिंग हटून बसलं, टायर डांबरावर करकरले. "चाकं एकमेकांशी भांडतायत बघ. सोड त्यांना," मानसिंगराव शेजारी बसून शांतपणे म्हणाले होते.

संस्थेची नवी एसयूव्ही अशी भांडत नसे. एरवी ती पुढच्या चाकांवर चालायची. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं की मागच्यांना आपणहून कामाला लावायची. दांड्याच्या जागी फिरवायचं एक बटण होतं आणि त्यावर चिखल, रेती अशी चित्रं. पावसाळ्यात पाणी भरलेल्या सडकेवरून गाडी अशी रुबाबात निघायची की राजेश्वरीचा हात सैल पडला, वेग वाढत गेला.

श्रावणातल्या एका दुपारी तिला त्याची किंमत कळली. कुणाच्या तरी ट्रॉलीतून काळी माती सडकेवर सांडली होती, वर पावसाची भुरभुर. वळण संपलं आणि समोर म्हशी. तिने ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडलं, पण गाडी आपली पुढेच सरकत राहिली. स्टिअरिंग वळवून तिने गाडी कडेच्या एरंडाच्या शेतात घातली. म्हशींनी मानही वर केली नाही. गुराखी धावत आला. "बेन, लागलं तर नाही ना?"

लागलं नव्हतं. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चार चाकं गाडीला ओढून नेतात, थांबवताना मात्र ती इतर कुठल्याही गाडीसारखीच असते. वर हिचं वजन जास्त. हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरूनही गेली असती. शेतातून गाडी मात्र एका दमात बाहेर आली. त्या दिवसापासून पावसात ती पुढच्या गाडीपासून चांगली लांब राहू लागली.

डभोईला गोविंदराव साळुंके तिचे रोगी होते. जळगावकडून येऊन रेल्वेत लागले, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या इंजिनावर नोकरी केली आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर एका माछी, म्हणजे मासेमार, मित्राच्या, चंदुभाईच्या, जोडीने ओरसंग नदीच्या पात्रात दर वर्षी कलिंगडं लावायचे. आता आजार हाडांत उतरला होता. मुलगी शालिनी त्यांचं सगळं करायची.

फाल्गुनात ड्रेसिंग करताना ते म्हणाले, "पोरी, वेल कसे धरलेत ते एकदा बघायचंय."

"बाबा, तिथे गाडी कशी जाणार?" शालिनी म्हणाली.

राजेश्वरीने डॉक्टरांना फोन केला. औषध आधी द्या आणि सावकाश न्या, असं ते म्हणाले. पुढच्या भेटीला सकाळीच तिघं निघाली. गोविंदराव पुढच्या सीटवर, पाठीमागे उशा लावलेल्या.

काठापर्यंत वाट बरी होती. पात्रात उतरल्यावर राजेश्वरीने बटण रेतीवर फिरवलं. थोडं अंतर गाडी छान गेली. मग चाकं फिरू लागली आणि इंजिनाने अचानक मान टाकली. पाय कितीही दाबा, जोरच येईना. चाक घसरलं की ही गाडी स्वतःच इंजिनाला आवर घालते. ओल्या सडकेवर ते बरं, इथे त्याच आवरामुळे ती रेतीत बसली.

"ताई, आता?" शालिनीने विचारलं.

"आता काही नाही. आधी पाय काढायचा," राजेश्वरी म्हणाली. अजून जोर केला तर गाडी पोटावर बसेल, एवढं तिला दिसत होतं.

गोविंदरावांना मात्र मजा वाटत होती. "पावसात चढावर आमच्या इंजिनाचं चाक घसरलं की आम्ही रुळावर रेती सोडायचो. मग कसं घट्ट धरायचं! आणि तुझी गाडी रेतीलाच भ्याली."

राजेश्वरी हसली. खाली उतरून तिने आणि शालिनीने चाकांपुढची रेती हातांनी उपसली. चारही टायरांतली बरीच हवा सोडली, तसे ते रेतीवर पसरले. ती पुढे चालत गेली, पायाखाली कुठे भुसभुशीत लागतं ते बघून आली. मग चाक घसरताच इंजिनाला आवर घालणारी ती सोय वेगळं बटण दाबून बंद केली, गाडी आपल्याच चाकोरीतून हळूच मागे घेतली आणि एकसारख्या चालीने, कुठेही झटक्यात न वळता, पुढे काढली. या खेपेला ती थांबली नाही.

वाफ्यांपाशी वाट बघत उभ्या चंदुभाईने गाडीचं दार उघडलं आणि मित्राचा हात धरला. गोविंदरावांनी खाली वाकायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग चंदुभाईने एक वेल अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याला मुठीएवढं हिरवं फळ लागलं होतं. गोविंदराव त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"पाणी कमी पडतंय," ते म्हणाले.

"आज पाजतो," चंदुभाई म्हणाला.

नदीवरून वारा येत होता. शालिनी वाफ्यांतून फिरत होती. किती तरी महिन्यांत ती अशी नुसती फिरली नव्हती. काठावर परतल्यावर राजेश्वरीने पंप लावून टायरांत पुन्हा हवा भरली, कारण तसल्या मऊ टायरांवर सडकेवरून पळणं धोक्याचं. तोपर्यंत गोविंदराव झोपी गेले होते.

त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. शेवटही शांतपणे झाला, शालिनी शेजारी होती.

आता संस्थेत मृदुला नावाची नवी परिचारिका आली आहे. राजेश्वरी तिला बडोद्यातच गोरवा भागातल्या एका बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात गाडी शिकवते. पाऊस पडून गेलेला दिवस ती मुद्दाम निवडते आणि पहिले काही तास मृदुलाला एकच काम देते: थांबायला शिकायचं.