हिरव्या टोपणाची नळी

लताबाई पगारे सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त काढत होत्या. द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये सकाळी सातला त्या खुर्चीवर हजर असायच्या. बारावीनंतर लॅबचा कोर्स करणाऱ्या त्यांच्या कॉलनीतल्या त्या पहिल्याच. कुणाच्या तान्ह्या बाळाचं रक्त द्यायचं असलं की लोक म्हणायचे, "लताबाई असतील तेव्हाच जाऊ." एकदाच टोचायचं, दुसऱ्यांदा नाही, असा त्यांचा लौकिक. पुढचं सगळं त्या लौकिकाच्या गर्वापायी झालं, असं आता त्या स्वतःच सांगतात.

गेल्या वर्षी जानेवारीत वणीजवळच्या गावातून चतुराबाई आल्या, सोबत मुलगा अमोल. चार वर्षांपूर्वी चतुराबाईंना डिप्रेशननं असं धरलं होतं की महिना महिना अंथरूण सुटत नव्हतं. गोळ्या चालू होत्या, गुण येत नव्हता. मग डॉक्टरांनी जोडीला लिथियमची गोळी दिली आणि बाई उठल्या. स्वयंपाक करू लागल्या, शेजारणींशी भांडूसुद्धा लागल्या. गोळी गुणाची, पण नाजूक. रक्तात कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विष. म्हणून दर तीन महिन्यांनी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, रक्त देऊन तिचं प्रमाण बघावं लागायचं.

"बाई, माझ्या शिरा लय बारीक हायेत," चतुराबाई म्हणाल्या. "मागं दुसरीकडं चारदा टोचलं."

"माझ्याकडे एकदाच, मावशी."

आणि खरंच एकदाच टोचलं. सिरिंजमधलं रक्त लताबाईंनी दोन नळ्यांत भरलं. लाल टोपणाची लिथियमसाठी, हिरव्या टोपणाची किडनीच्या तपासणीसाठी. लाल नळी उचलताना टोपण सुटलं आणि सगळं रक्त ट्रेमध्ये सांडलं.

अमोल बाहेर फोनवर होता. चतुराबाई डोळे मिटून कापूस दाबून बसल्या होत्या. कुणी पाहिलं नाही. "मावशी, पुन्हा टोचावं लागेल," एवढंच म्हणायचं होतं. ते लताबाईंच्या तोंडून निघेना.

हिरव्या नळीत रक्त भरपूर होतं. पण रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत आतून औषध लावलेलं असतं आणि त्या औषधातच लिथियम असतं. ही तपासणी त्या नळीतून कधीच करायची नाही, हे लताबाईंना पाठ होतं. 'कणभर तर असतं, कितीसा फरक पडणार,' त्यांनी मनाशी म्हटलं. नळी मशीनमध्ये फिरवली, वरचं पिवळसर पाणी दोन कुप्यांत ओतलं आणि एका कुपीवर लिथियमचं लेबल लावलं. मोठ्या लॅबला फक्त कुपी जाते. नळीच्या टोपणाचा रंग तिथे कुणाला कळत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा असायला हवा होता त्याच्या दुपटीहून जास्त. लताबाईंनी डॉक्टरांचा नंबर काढला. फोन उचलला, ठेवला. डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतीलच, तेव्हा नीट करू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी बंद केली आणि पाच दिवसांनी पुन्हा रक्त मागवलं. या वेळी लाल नळी. गोळीच बंद, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य आला. सगळ्यांना वाटलं, विष उतरलं; गोळी पुन्हा द्यायला डॉक्टर धजले नाहीत. लताबाईंनी तो रिपोर्ट तसाच अमोलच्या हातात दिला.

मार्चमध्ये अमोल आईला धरून घेऊन आला. चतुराबाईंचे केस विस्कटलेले, पदराचं भान नाही. त्याने खांदे दाबून त्यांना खुर्चीत बसवलं.

"मावशी, ओळखलं का?"

चतुराबाईंनी मान वर केली नाही.

"दीड महिना झाला, जेवत नाय, बोलत नाय," अमोल म्हणाला. "डॉक्टरांनी आता थायरॉईड बघायला सांगितलंय. ती गोळी बंद झाली तवापासून हे असं. पण करणार काय? तुम्ही टेस्ट केली म्हणून कळलं तरी, ताई. नायतर आई गेलीच असती."

लताबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"अमोल, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांडलेलं रक्त, हिरवी नळी, कुपीवरचं लेबल.

त्याला समजायला वेळ लागला. "म्हणजे आईच्या रक्तात गोळी जास्त नव्हतीच?"

"बहुतेक नव्हती. खात्रीनं नाही सांगता येत, कारण खरं रक्त तपासलंच गेलं नाही."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"रिपोर्ट आला तेव्हाच."

"मग फोन का नाय केला?"

"लाज वाटली."

अमोलनं खुर्चीकडे बोट केलं. "आई इथं बसलीय," तो म्हणाला, "तिच्याकडं बघून सांगा ना." लताबाईंनी बघायचा प्रयत्न केला. त्यांना जमलं नाही.

रक्त न देताच तो आईला घेऊन गेला.

लॅबचे मालक यादव सर म्हणाले, "डॉक्टरांना तोंडी सांगा, लेखी काही देऊ नका." पण दुपारी लताबाईंनी एका कागदावर सगळं लिहिलं, खाली सही केली आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटच्या रांगेत जाऊन बसल्या. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "हात कापतात का, उलट्या होतात का, विषाची सगळी लक्षणं मी विचारली होती," ते हळूच म्हणाले. "नाही म्हणाल्या होत्या. तरी मी आकड्यावरच विसंबलो." मग त्यांनी अमोलला फोन लावला.

गोळी पुन्हा सुरू झाली. यादव सरांनी लताबाईंना रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर बसवलं. कॉलनीत कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "डोळ्यांना दिसत नाही आता नीट."

जूनमध्ये त्यांनी अमोलला फोन केला.

"ओट्यावर येऊन बसते. दोन घास खाते," तो म्हणाला. "पयल्यासारखी नाय अजून." मग म्हणाला, "ताई, पुन्हा फोन नका करू."

"नाही करणार," लताबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात शेजारच्या भागीबाई नातीला घेऊन घरी आल्या. "डोळे अधू झाले तर झाले, हिचं रक्त तेवढं तुम्हीच काढा," म्हणाल्या. लताबाईंनी त्यांना बसवलं आणि डोळ्यांचं खोटं होतं इथपासून सगळं सांगितलं. भागीबाईंनी पदर नीट केला, चहा अर्धा ठेवला आणि नातीचं बोट धरून निघून गेल्या. लताबाईंनी कप विसळून ठेवला आणि आणखी कुणी विचारायला येईल म्हणून दार उघडंच राहू दिलं.