आखाजीपर्यंतचं साल

जळगावात खोली शोधायला निघालेल्या माणसाला घरमालक आधी नाव विचारत नसत, जात विचारत. जात पटली की पुढचा प्रश्न माणूस बघून असे. मुलगे असले तर, "सोबत बाईमाणूस कोण आहे?" आणि बाई असली तर, "सोबत पुरुषमाणूस कोण आहे?" ही दोन्ही वाक्यं मी एकाच दिवशी, एकाच तोंडातून ऐकली आहेत. ते तोंड कापसाचे दलाल बन्सीलालशेठ यांचं होतं. तोंडात पान होतं म्हणून ते जास्तच गोड वाटत होतं. त्या गोडव्याची मला अजून चीड येते.

माझ्यासोबत होती ती कुंदा. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी पेटीसकट माहेरी आणून सोडली. भाऊ चुडामण गरीब गाय होता, पण त्याने एक शहाणपणा केला: बहिणीला वह्या-पुस्तकं आणून दिली. तिने घरी बसून मॅट्रिक केलं आणि चोपन्न साली जूनमध्ये ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमधून उतरून सरळ कॉलेजात नाव घातलं. फी माफ झाली. राहायचं कुठे, खायचं काय, हे तिने ठरवलंच नव्हतं. "नाव तर लागलं ना, बाकीचं बघू," असं मला पहिल्या दिवशी म्हणाली. मी शहरातली, कारकुनाची मुलगी. मी त्याच दिवशी घरी विचारलं.

माझ्या घरी तिला आणलं असतं, तर दोन खोल्यांत आम्ही दाटीवाटीने राहिलो असतो. वडील म्हणाले, "परक्याची विधवा पोर, उद्या काही झालं तर?" काय होणार होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. तेवढे दिवस ती गावाकडच्या एका म्हातारीच्या ओसरीवर पडून राहिली आणि आम्ही दुपारी वणवण केली.

काम तरी मिळावं? जिनिंगमध्ये कापूस निवडायला बायका लागत, पण पूर्ण पाळी भरायची, अर्ध्या दिवसाची भाषा नाही. एका वकिलांच्या मुलींना गणित शिकवायचं जवळपास ठरलं होतं. वकीलीणबाईंनी तिचं कपाळ पाहिलं आणि म्हणाल्या, "शिकवणी नको, भांडी घासशील का? जिन्याखाली झोपायला जागा देऊ." कुंदा "विचार करते" म्हणाली. मी मात्र फाटकाशी आल्यावर जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आणि मग बन्सीलालशेठ. त्यांच्या घरामागे एक लांबट खोली होती, पुढे पडवी, शेजारी नळ. आम्ही सकाळी गेलो तेव्हा "पुरुषमाणूस कोण?" म्हणून वाटेला लावलं. संध्याकाळी परत जरा गळ घालावी म्हणून गेलो, तर कुंदाच्याच गावचे गिरधरआबा पाटील पाच मुलांचा लोंढा घेऊन उभे होते. त्यातला थोरला तोताराम त्यांचा, बाकीचे भाऊकीतले. दोन कॉलेजात, तीन हायस्कुलात. शेठ त्यांना सांगत होते, "पोरं पोरं राहणार? छे. बाईमाणूस आणा आधी."

आबांनी कुंदाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, ही आमनीच पोर शे! आमना पोरेस्ले दोन भाकरी टाकी दी, आन् शिकी बी ली."

शेठ हसले. बाईला पुरुष मिळाले, पुरुषांना बाई मिळाली. खोली गिरधरआबांच्या नावावर झाली. कुंदाला आतला कोपरा, मध्ये गोधडीचा पडदा. सकाळी लवकर स्वयंपाक, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा चूल. मला ते फारसं आवडलं नव्हतं, पण डोक्यावर छप्पर होतं, दारात नळ होता, आणि गाव सोबत होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी पडवीत दोन शेतकऱ्यांना बसवलं आणि त्यांच्यासमोर कुंदाला एक निळं लुगडं आणि ज्वारीचं पोतं दिलं. कुंदाने लुगडं डोळ्यांना लावलं. बाप गेल्यापासून तिला माहेरचं लुगडं कोणी घेतलं नव्हतं. मला म्हणाली, "बघ सुमन, गावाने लेक म्हणून पाठवणी केली." तिने ते घडी न मोडता पेटीत ठेवलं. मीही गहिवरले. शहरातल्या मला कुठून कळणार, की साक्षीदार बसवून कपडा आणि धान्य दुसऱ्याही कोणाला देतात? कळायला हवं होतं ते तिला. पण माहेरच्या लुगड्यासाठी आसुसलेल्या बाईला लुगड्यात दुसरं काही दिसत नाही.

वर्ष तिने ओढून नेलं. पहाटे भाकऱ्या थापताना इतिहासाचं पुस्तक डब्यांच्या फळीवर उघडं ठेवायची, पानांवर पिठाची बोटं. मुलं वाईट नव्हती. कुंदाअक्का, कुंदाअक्का करायची. पण खाऊन उठलेलं ताट जिथल्या तिथे. आईने घरी उचललं, इथे अक्का उचलणार, यात त्यांना काही विशेष वाटत नसे. कुंदा म्हणायची, "जाऊ दे, जागा तर आहे." हे "जाऊ दे" मला त्या वर्षात इतक्यांदा ऐकावं लागलं, की मी एकदा तिच्यावरच ओरडले.

चैत्रात कुंदाची परीक्षा आली; मुलांच्या आधीच आटोपल्या होत्या. नेमके त्याच दिवसांत गिरधरआबांच्या मुलीचं लग्न निघालं. आबा खोलीवर आले, खाटेवर बसले आणि कुंदाला म्हणाले, "चाल गावले. डाळी करना शेत, मसाला कुटना शे. पोरेस्ले बी लई जासू."

"आबा, मनी परीक्षा शे," कुंदा म्हणाली.

"परीक्षा काय, पुढला सालले बी येस."

"नही येवावनं माले."

आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते समजावल्यासारखे म्हणाले, "पोरी, तू सालवर शे ना? लुगडं लीधं, जवारी लीधी. आखाजीलोंग आम्ही सांगसूत ते काम."

मी तिथेच होते. मला वाक्याचा अर्थ लागला नाही, पण कुंदाचा चेहरा पाहून लागला. आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीलाच सुटतं, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साल मध्ये तोडता येत नाही. सालदाराला कपडा द्यायचा, धान्य द्यायचं, दोन माणसं साक्षीला बसवायची. म्हणजे ज्या लुगड्यावर ती वर्षभर माहेरपण मिरवत होती, ते सालदारकीचं होतं. तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि आवळासुद्धा माहेरच्या नावाने!

कुंदा गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर देऊन आम्ही भर उन्हात परत आलो, तर खोलीला कुलूप. आबा मुलांना घेऊन गावी गेले होते. खोली त्यांच्या नावाची, कुलूप त्यांचं. तिची पुस्तकं, टिपणं, पेटी, सगळं आत. ज्याच्यासाठी ती वर्षभर चुलीपुढे भाजली, ते दाराच्या पलीकडे होतं आणि दोन दिवसांनी पुढचा पेपर होता.

मी रडायला लागले. कुंदा रडली नाही. ती शेजारणीकडे गेली, "मावशी, वरवंटा द्या जरा," म्हणाली. शेजारणीने चटणी वाटायची असेल म्हणून दिला. कुंदाने पदर खोचला आणि कुलपावर वरवंटा घातला. एक, दोन, तीन. कडीच उचकटून आली. बन्सीलालशेठ धोतर सावरत धावत आले. "अहो, हे काय? कोणाच्या परवानगीने?"

"परवानगी आत राहिली होती, ती घ्यायला आले," कुंदा म्हणाली. एवढी तिखट ती मला आधी कधी दिसली नव्हती. शेठ पुटपुटले, पोलिसांत जाईन म्हणाले, मग बाहेर जमलेल्या बायकांकडे पाहून घरात गेले. उरलेले पेपर तिने दाराला दोरी बांधून, त्याच खोलीत राहून दिले. शेजारणीचा वरवंटा मात्र तिने स्वतः धुऊन परत केला.

पेपर संपले, पण खोलीचा प्रश्न तसाच होता. आखाजीनंतर आबा स्वयंपाकाला दुसरी बाई आणणार, हे उघड होतं. खोली नाही तर पुढचं वर्ष नाही. पुन्हा तीच दारं, तेच प्रश्न, तोच जिना. शेठने सांगून टाकलं होतं, "ज्याच्या नावाची खोली, तो म्हणेल तसं."

"मग ज्याच्या नावाची, त्याच्याकडेच जाते," ती म्हणाली. आखाजीला ती गावी निघाली आणि मी सोबत गेले. वडिलांना मी विचारलं नाही, सांगितलं.

आखाजी म्हणजे खानदेशची दिवाळी. सासरच्या लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. गिरधरआबांच्या अंगणात एका अंगाला झोका होता, दुसऱ्या अंगाला खाटेवर आबा बसलेले आणि समोर सालदार उभे. कोणाचं साल सुटत होतं, कोणाचं नव्याने ठरत होतं. आबांच्या शेजारी नवे व्याही आणि नवा जावई, पहिल्या आखाजीचे मानाचे पाहुणे. मुलीचं माहेर किती भरलेलं आहे, हे आबा त्यांना दाखवत होते.

कुंदा झोक्याकडे गेली नाही. सालदारांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. काखेत ते निळं लुगडं, घडी न मोडलेलं.

गाणी थांबली. आबांनी पाहिलं आणि हसल्यासारखं केलं. "पोरी, तथा काब्रं उभी शे? घरमा जाय."

"आबा," कुंदा म्हणाली. तिने आवाज झोक्यापर्यंत जाईल असा लावला. "मी आज कोन म्हनीसन उनू? लेक का सालदार? बठ्ठास्ना म्होरे सांगी द्या. सालदार व्हसू ते हाई तुमनं लुगडं, मनं साल सरनं. लेक व्हसू ते तसं सांगा."

आबांना धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. सालदार म्हणावं, तर गावातलीच विधवा पोर लुगड्यावर राबवली, हे व्याह्यांच्या देखत कबूल करायचं. त्यांची नजर जावयाकडे गेली. जावई जमिनीकडे बघत होता. तोताराम दारात उभा होता, त्याची मान खाली होती.

"लेक शे तू," आबा शेवटी म्हणाले. "गावनी लेक शे. असं काय बोलस?"

कुंदाने लुगड्याची घडी मोडली. झटकून खांद्यावरून घेतलं. वर्षभर पेटीत जपलेलं ते लुगडं पहिल्यांदा अंगावर आलं, आणि मला तिचा अभिमान आणि आबांवरचा संताप एकदमच दाटून आला.

"मंग आबा, आखाजीनी लेक रिकामा हाते जात नही. माले चोळी नको, बांगडी नको. शेठनी खोली मना नावावर करी द्या."

व्याही म्हणाले, "बरोबर शे पोरनं." त्यांना काय ठाऊक, कसली खोली! पण पाहुण्याने मान डोलवली आणि आबांचा मार्ग बंद झाला. दोन दिवसांनी ते स्वतः जळगावला आले आणि बन्सीलालशेठसमोर नाव बदललं.

लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात, आबा भला माणूस, शब्द पाळला. मला हे ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. वर्षभर राबून जे तिचं झालं होतं, ते मिळवायला तिला आधी कोणाची तरी लेक व्हावं लागलं. आणि ते "लेक" म्हणणंसुद्धा पाहुण्यांच्या धाकाने! ते पाहुणे तिथे नसते, तर ती आज कुठे असती, हे मला कोणीतरी सांगावं.

कुंदाला मात्र भांडत बसायला वेळ नव्हता. तिला संध्याकाळी बायकांच्या साक्षरता वर्गावर काम मिळालं. जूनमध्ये गिरधरआबांची मुलं पुन्हा आली. सगळं जळगाव हिंडून आली होती, सगळीकडे तोच प्रश्न, "बाईमाणूस कोण?" शेवटी तोताराम तिच्या दारात येऊन उभा राहिला. तिने ठेवून घेतलं पाचही जणांना. पडवी त्यांची, भाड्यातला वाटा त्यांचा, आणि चूलही त्यांची. पहिल्या आठवड्यात त्यांच्या भाकऱ्या कोळसा झाल्या. तिने त्यांना पीठ भिजवायला शिकवलं, भाकरी थापून दिली नाही.

श्रावणात धरणगावची एक मुलगी राहायला जागा शोधत आली, तिलाही कुंदाने आत घेतलं. शेठ लगबगीने आले, तोंडात पान होतंच.

"आता दोन बायका झाल्या. पुरुषमाणूस कोण आहे?"

कुंदाने पुस्तकातून मान वर केली नाही. नळाकडे बोट दाखवलं.

"पाच आहेत, शेठ. भांडी घासताहेत."