कानबाईच्या रोटाचा वाटेकरी

नवनीतचा पाय गेला विसरवाडीच्या फाट्यावर, आणि पायामागोमाग त्याचं हसूही गेलं. पाय कसा गेला ते पटकन सांगून टाकतो, कारण त्याचं चऱ्हाट लावलेलं खुद्द नवनीतलाच आवडत नाही. पपई भरलेली गाडी घेऊन नवापूरकडे निघाला होता, चहासाठी उतरला, आणि मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक लागले नाहीत. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय जेमतेम एकतीस. तळोद्याकडचं तापीकाठचं गाव, घरची बागायत, दोधूआप्पा आणि कमलबाईंचा एकुलता एक. गाव भेटायला यायचं, ‘देवाची मर्जी’ म्हणायचं आणि चहा पिऊन जायचं. आता देवाला दुसरा उद्योग नव्हता होय? पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

वर्षभर नवनीत खोलीचं दार लावून बसला. कापलेल्या पायावर कायम टॉवेल. जन्म दिलेल्या आईलाही त्याने तो पाय पाहू दिला नाही. नकली पाय मिळाला होता, पण घालून चार पावलं टाकली की कातडी सोलून निघायची, म्हणून तो कपाटामागे उभा असायचा. त्यात चुलत काकू दगूबाई, जिच्या जिभेला देवाने हाड दिलेलं नाही, ती दर महिन्याला एक स्थळ घेऊन यायची. पाय नसला म्हणून काय झालं, ऊस तर आहे, असं तिचं म्हणणं. नवनीत आतून कडी लावायचा. मुलींची ओढ त्याला पाय जाण्याआधीपासूनच नव्हती, पण हे दगूबाईला सांगणार कोण आणि कसं?

शेवटी दोधूआप्पांनी न विचारता, न सांगता एक जुनी स्कूटर आणली. मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलेली. आप्पा बोलायचे कमी. गाडी अंगणात उभी केली, चावी खिळ्याला अडकवली आणि शेतात निघून गेले. गाडी चांगली होती, सीट मात्र मसाला वाटायच्या पाट्यासारखी. ती नीट करून घ्यायची म्हणून नवनीत कुरकुरत अक्कलकुव्याला गेला आणि युसुफच्या दुकानासमोर थांबला.

युसुफ हायवेच्या कडेला सीटा शिवायचा. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, डोंगरात माणसं वाहणाऱ्या जीपच्या. चौतिशीचा, सडाफटिंग, दातात दोरा आणि दोऱ्याआडून अखंड बडबड. सीट डावीकडून दबते का, हे ज्या आवाजात विचारलं, त्याच आवाजात त्याने पुढे विचारलं की डावा पाय कुठून कापलाय. बस्स. च् च् नाही, देव नाही, मर्जी नाही. नवनीतने इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला नीट उत्तर दिलं.

मग नकली पायाची गोष्ट निघाली. युसुफला वाटलं, त्यात काय, आतून गादी लावली की झालं! त्याने मोठ्या हौसेने सीटचा फोम कापून आत बसवला. नवनीत उभा राहिला तर एका बाजूने अख्खा वर उचलला गेला, उजवा पाय खाली आणि डावा खांदा आभाळात. युसुफने त्याच्याकडे एकदा पाहिलं, एकदा आपल्या कारागिरीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आणि नवनीत हसला. खो खो हसला, खांबाला धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पुढच्याच आठवड्यात युसुफ दुकान बंद ठेवून त्याच्यासोबत नंदुरबारला गेला, आणि जिथून पाय मिळाला होता तिथूनच तो नीट मापाचा करून आणला.

त्यानंतर नवनीतला अक्कलकुव्याची कामं फार निघू लागली. कधी स्कूटरचा आरसा, कधी पंपाचा वॉशर. बाजाराच्या रस्त्यावर तो चालायचा सराव करायचा. युसुफ शेजारून चालायचा, हात मात्र मुद्दाम पाठीमागे बांधून. नवनीत पडला तर उचलायचा नाही, तिथेच धुळीत त्याच्या शेजारी बसायचा आणि तो उठेपर्यंत गप्पा मारायचा. रस्त्यात मध्येच मांडी ठोकून बसलेले हे दोघे बघून जीपवाले हॉर्न वाजवायचे. युसुफ त्यांना वळसा घालून जायला सांगायचा.

एका दुपारी दुकानात जेवताना युसुफने भाकरी अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली. जेवण नेहमी असंच, अर्धं अर्धं. जेवण झाल्यावर नवनीतने नकली पाय काढला, मोजा काढला आणि कातडी लाल झाली आहे का ते बघ म्हणाला. ज्या पायावर वर्षभर टॉवेल होता, तो त्याने असा सहज पुढे केला. युसुफने पाहिलं, त्यावर तळवा ठेवला आणि ठेवलेला तळवा काही काढला नाही.

“मन्हं मन तुन्हावर बसेल शे,” युसुफ म्हणाला. “नको व्हई तर आतेच सांग. सीट मातर मी पुरी करी दिसू.”

सीट तर दोन महिन्यांपूर्वीच पुरी झाली होती! नवनीतला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच युसुफला त्याचं उत्तर मिळालं. त्या दिवशी नवनीत घरी उशिरा पोचला, आणि आल्यावर गायीच्या पाठीवर थापा मारत गाणं म्हणत बसला. प्रेमात पडलेला माणूस जगाला ओळखू येतो, फक्त त्यालाच वाटतं की आपण फार हुशारीने लपवलंय. फाल्गुनात दोघं डोंगरातल्या काठी गावच्या होळीला गेले. पहाटेच्या उजेडात ढोल घुमत होते आणि नवनीत त्या नकली पायावर असा नाचला की शेजारच्या कुणाला पत्ताही लागला नाही.

सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. आषाढात युसुफच्या मोठ्या भावाचा, जाहिदचा, सुरतेहून निरोप आला. तिथलं चालतं दुकान सांभाळायला ये. युसुफला जायचं नव्हतं. पण तो नवनीतला स्पष्ट बोलला, की तुझ्या घरी मी जन्मभर ‘तो सीटवाला’ म्हणून राहणार असेन, तर इथे राहून रोज जीव जाळण्यापेक्षा सुरत बरी. घरी सांग, मी राहतो. नवनीतला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याने फोन केला, कानबाईच्या दिवशी घरी ये, त्या दिवशी सांगतो.

कानबाई म्हणजे खान्देशातल्या घराघरांतली श्रावणातली पाहुणी. रविवारी तिला नथ, शालू घालून चौरंगावर बसवायचं, सोमवारी वाजतगाजत निरोप द्यायचा. युसुफ आला तो लाल मखमलीची गादी शिवून घेऊन, चौरंगावर घालायला. कमलबाईंनी ती लगेच कानबाईच्या खाली घातली. दगूबाई तर शिलाईवर बोट फिरवत राहिली आणि कुणी शिवली, कुणी शिवली म्हणून तिने दहादा विचारलं.

सगळं गोड चाललं होतं. फक्त नवनीत सांगणं पुढे ढकलत होता. सकाळी सांगू म्हणता दुपार झाली, आरती झाली, जेवणाची पानं मांडली. आप्पा आणि नवनीत पंगतीत बसले. युसुफला भिंतीकडे वेगळं ताट दिलं, पुरी, भाजी, भजी. कारण पंगतीत होते कानबाईचे रोट, तिच्या प्रसादाच्या पोळ्या. आणि रोटाचा कायदा कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचंच पीठ दळायचं, त्याचेच रोट लाटायचे. ते खायचे घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. बाहेरच्याच्या तोंडी कण जाता कामा नये. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, मग पाहुण्याची काय कथा! नवनीतने हे जन्मापासून ऐकलेलं.

आणि तरी त्याच्या हातून व्हायचं ते झालं. सुरतेचाच विचार डोक्यात, बोलायचं कसं याचा घोर मनात, आणि हात आपले सवयीने चालू. त्याने रोट अर्धा मोडला आणि भिंतीकडे वळून युसुफच्या ताटात ठेवला. युसुफने तितक्याच सवयीने तुकडा मोडून तोंडाजवळ नेला.

दगूबाईच्या हातातलं खिरीचं भांडं दणकन खाली आलं.

“हाई काय करं रे नवनीत? हाऊ आपला कोण लागस?”

युसुफचा हात तोंडाशी तसाच राहिला. मित्र आहे, चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. युसुफ तुकडा खाली ठेवून उठला असता आणि उद्या सुरतेच्या गाडीत बसला असता. नवनीतने युसुफकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याला एकदम कळलं की आता गप्प बसलो तर हा दुसरा पायही माझ्या हातानेच कापला.

“जशी आप्पाले माय, तसा माले युसुफ शे, काकू,” तो म्हणाला. “मी दुसरं लगीन-बिगीन काही करनार नही. जिंदगी ह्यानासंगेच काढनी शे.”

बोलून झालं आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता घराबाहेर काढा नाहीतर काही करा. दगूबाई कानबाईसमोर हात जोडून पुटपुटू लागली. जातही वेगळी, धर्मही वेगळा, पुरुषाला पुरुष, आणि वर देवीचा रोट बाटला, आता ही कोपणार, असं बरंच काही.

कमलबाई चुलीपासून उठल्या. पदराला हात पुसले.

“रोट बाहेरनानी खावाना नही, खरं शे दगूबाई,” त्या म्हणाल्या. “पन दळनले मी सव्वा सव्वान्या तीन मुठी लेयेल शेतस. एक ह्यासनी, एक नवनीतनी आन एक युसुफनी.”

नवनीत आईकडे बघतच राहिला. तिला कधी कळलं, हे त्याला कळेना. कमलबाईंनीच सांगून टाकलं, की वर्षभर दार लावून बसलेला पोऱ्या अंगणात गाणी म्हणायला लागला, तेव्हा काय मी डोळे मिटून बसले होते? तू सांगशील म्हणून थांबले होते. बोलताना त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. नवनीत मात्र सरळ रडला, लहान पोरासारखा, ताटावरच.

युसुफच्या हातातला तुकडा अजून हातातच होता. खावा की ठेवावा, त्याला कळेना. इतका वेळ खाली मान घालून बसलेले दोधूआप्पा आपल्या पाटावर सरकले, शेजारी जागा केली आणि तिच्यावर हाताने थोपटलं.

“भिंतले काय बठना, पोऱ्या? आठे ये,” ते म्हणाले. “रोट पंगतमा बठीसन खातस.”