‘उडता पहाड’चं शेवटचं रीळ

सांडूला सिनेमाची भीती वाटली ती वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एका शुक्रवारी सकाळी, चहा पिताना. तोवर त्यानं दीडदोनशे सिनेमे पोत्यात बांधून राजदूत मोटरसायकलवरून वाहिले होते आणि एकही त्याच्या अंगावर आला नव्हता. नात सायली मोबाइल नाचवत आली आणि म्हणाली की ‘उडता पहाड’ सापडलाय, कुणीतरी अख्खा नेटवर टाकलाय, रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी टीव्हीवर बघायचा, आजीसाठी खास. सांडूच्या हातातली बशी कलंडली आणि चहा लेंग्यावर गेला. सायलीला वाटलं, आबांना आनंद झाला.

आनंद कसला, त्याला मंगळवार आठवला होता. त्याची बायको सरूबाई हिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं. शहरात क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं दोन खोल्यांचं घर. तेवढ्या घरात ती न्हाणीपर्यंत गेली तरी तिला धाप लागायची. डॉक्टर वर्षभर सांगत होते की आता उशीर करू नका. सरूबाईनं दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. एकदा तर दवाखान्यात दाखल झालेली ही बाई सकाळी चपला घालून रिक्षानं घरी येऊन भाजी निवडत बसली होती. तिला चाकूची भीती नव्हती, भूल देतात त्याची होती. आपल्याला झोपवायचं दुसऱ्यानं, आणि उठायचं की नाही हेही दुसऱ्याच्या हातात, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

शेवटी तिला तयार केलं सांडूनं, आणि ते ‘उडता पहाड’च्या जोरावर. त्या सिनेमातली राणी तर मरून उठली, तू नुसती झोपणार आहेस, असं तो म्हणाला. सरूबाई हसली, आणि तारीख घ्या म्हणाली.

आता हा ‘उडता पहाड’ काय होता ते सांगायला हवं. पहिल्या पाच मिनिटांत पहाड उडतो. का उडतो, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. पहाडावर एक राक्षस. त्याच्या कपाळात एकच डोळा, आणि डोळा म्हणजे साठ वॉटचा बल्ब. राक्षस चिडला की पेटायचा. एका जागी बल्बची वायर त्याच्या कानामागून जाताना साफ दिसते. नायक पैलवान गडी, मगरीशी कुस्ती करतो आणि मगरीच्या पोटावरची शिलाई उसवते. शिट्टी मारली की तलवार येते. घोडा बोलतो, आणि नायकापेक्षा अदबीनं बोलतो. समुद्राच्या तळाशी महाल आहे, तिथं पाण्यात मशाली जळतात आणि बाया नाचतात. हसायचं त्यानं खुशाल हसावं. पण तो बल्ब पेटला की तंबूतली चारशे माणसं एकदम मागं सरकायची, हे सांडूनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आजकालचे सिनेमे राक्षस का बिघडला हे तासभर समजावत बसतात. तिथं राक्षस तो राक्षस आणि आई ती आई, विषय संपला. असा मनाचा मोठा सिनेमा पुन्हा झाला नाही, असं सांडूचं मत होतं आणि ते काही चुकीचं नव्हतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. सांडू तेव्हा चोवीस वर्षांचा, तीन भावांत धाकटा. शेतीत त्याचं लक्ष नाही म्हणून घरच्यांनी त्याला सिल्लोडच्या टॉकीजमध्ये चिकटवून दिला होता. त्या वेळी एकाच सिनेमावर दोन गावं चालायची. दुपारी तीनचा खेळ सिल्लोडला, तो सुटला की रिळांचे आठ डबे पोत्यात घालून सांडूनं राजदूत मारत अजिंठ्याला जायचं, तिथं तंबूत सातचा खेळ. डब्यांवर आकडे टाकायचा सिल्लोडचा ऑपरेटर इलियास, आणि टाकायचा उर्दूत. उर्दूतला सात म्हणजे टोक खाली केलेला उघडा चिमटा, आणि आठ म्हणजे तोच चिमटा उलटा. डबा गोल, गोल डब्याला वर कुठलं आणि खाली कुठलं? म्हणून इलियास आकड्याखाली खडूनं एक रेघ मारायचा. रेघ पोटाकडं धरून वाच, हे त्यानं सांडूला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

एके दिवशी वाटेत पोतं घासलं आणि रेघा पुसल्या. त्यात अजिंठ्याचा ऑपरेटर तापानं पडलेला, मशीन सांडूच्याच गळ्यात. त्यानं अंदाजानं लावलं, आणि आठवं रीळ सातव्याच्या आधी चढलं.

खऱ्या सिनेमात राक्षस राणीला, म्हणजे पैलवानाच्या आईला, दगड करतो, सातव्या रिळात पैलवान पहाडावरचा उजेड आणून तिला उठवतो, आणि आठव्यात ती मुलाच्या अंगावर येणारा बाण स्वतः झेलून मरते. अजिंठ्याला त्या दिवशी ती आधी मेली. पडद्यावर ‘समाप्त’ आलं, लोक चपला शोधायला लागले. सांडूच्या हातात मात्र एक रीळ उरलं होतं. घाबरून त्यानं तेही लावून टाकलं. लोक अर्धवट उभे राहिलेले तसेच बसले. आणि त्यांच्यासमोर मेलेली राणी, दगड झालेली राणी, डोळे उघडून उठली. तंबूत असा कल्ला झाला की बाहेरचे बैल बुजले. मेलेली राणी पुन्हा दगड कधी झाली, असं एकानंही विचारलं नाही. जिथं पहाड उडतो तिथं एवढ्यानं काय बिघडतं?

तंबूचे मालक काकासाहेब सांडूला मारायला आले होते, पण गर्दी बघून थांबले. उद्यापण असाच लाव म्हणाले. रोज खेळापुरती ‘समाप्त’ची पट्टी कापून सातव्या रिळाच्या शेवटी चिकटवायची, खेळ सुटला की सिल्लोडसाठी ती पुन्हा आठव्याला जोडायची, असा सिनेमा अकरा दिवस चालला.

अकराव्या दिवशी तंबूत सतरा वर्षांची सरू बसली होती. दोन महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती. पुढच्या वर्षी तिचं सांडूशी लग्न झालं, आणि नवरा त्या सिनेमाचे डबे वाहत होता हे कळल्यावर तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. तिची सिल्लोडची मावसबहीण म्हणत होती की राणी शेवटी मरते, खरं काय? सांडूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, सिल्लोडचा इलियास पितो, त्यानं रिळं उलटी लावली. इलियास पाच वेळचा नमाजी, त्यानं चहापलीकडं कशाला हात लावलेला नव्हता. पण ते खोटं एक्केचाळीस वर्षं टिकलं. सरूबाईनं मुलाला आणि पुढं नातीला झोपवताना हीच गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी राणी शेवटी उठली.

तर असा हा रविवार येत होता. शुक्रवारी सांडूनं सायलीला सांगून पाहिलं की सिनेमा लई जुना आहे, आजीचे डोळे दुखतील. शनिवारी त्यानं रिमोट तांदळाच्या डब्यात खुपसला. सायलीनं टीव्ही मोबाइलवरून चालू केला. मग ऑपरेशननंतर बघू, घरी आल्यावर निवांत बघू, असं तो सरूबाईला म्हणाला. ती म्हणाली, “आधीच बघायचाय. राणीला उठताना बघून मगच जाते.”

त्यानंतर सांडूला जेवण गेलं नाही. तिला राणी मरताना दिसणार, ती मंगळवारची तारीख मोडणार, आणि डॉक्टर म्हणाले होते की पुढच्या तारखेपर्यंत ती राहील याची खात्री नाही. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याहून वाईट एक विचार त्याच्या डोक्यात येऊन बसला होता. समजा ती फसली, सिनेमाच्या जोरावर आत गेली आणि उठलीच नाही, तर आपण तिला शेवटचं जे सांगितलं ते खोटं होतं. हा विचार आला की तो उठून गॅलरीत जायचा आणि उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकायचा.

रविवारी दुपारी त्यानं सायलीला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. पोरगी आधी खुदकन हसली, मग त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघांचं असं ठरलं की राणी उठली की सिनेमा बंद करायचा आणि नेटवर एवढाच आहे म्हणायचं.

संध्याकाळी चटया अंथरल्या. मुलगा सुदर्शन कंपनीतून आला होता, सून रूपानं शेंगा भाजल्या होत्या. सरूबाई उशीला टेकून बसली. पहाड उडाला. बल्ब पेटला तेव्हा ती मागं सरकली, अगदी तेव्हासारखी, आणि स्वतःलाच हसली. मगरीची शिलाई उसवली तेव्हा तिला हसून हसून ठसका लागला आणि सांडूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. तो तिच्या श्वासाकडं बघत होता.

पैलवान उजेड घेऊन आला. राणीनं डोळे उघडले. सायलीनं सिनेमा थांबवला आणि पढवल्याप्रमाणं म्हणाली, संपला, एवढाच आहे.

सरूबाई पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “संपला कसा? ती अजून मेलीच नाय.”

सरूबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं की मेल्याबिगर ती उठली कशी, बाण कुठं गेला? सांडूनं सायलीकडं पाहिलं, सायलीनं शेंगांकडं. आता आणखी एक खोटं रचणं अवघड नव्हतं, त्याला सवय होती. पण तिचा तो चेहरा मंगळवारी ऑपरेशनला आत जाणार होता. सांडूनं हात जोडले, खरोखरच जोडले, आणि डब्यांची, पुसलेल्या रेघांची, काकासाहेबांची सगळी हकिगत सांगून टाकली. “राणी आधी उठती, सरू. मंग मरती. मी भ्यालो व्हतो म्हनून कदी बोललो नाय.”

सुदर्शन उठून पाणी आणायला गेला. सांडूला वाटलं, झालं, ही आता चपला घालणार.

“लगीच मरती?” तिनं विचारलं.

“नाय. लई वर्सांनी. पोराचं लगीन व्हतं, त्याला बी पोर व्हतं. मंग.”

“लाव गं पुढचं,” सरूबाई सायलीला म्हणाली.

सायलीनं लावलं. राणी म्हातारी झाली होती, केसांना पांढरा रंग फासलेला, मांडीवर नातू. मग बाण आला. सरूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि रडायचं तेवढं रडून घेतलं. त्यातलं काही राणीसाठी असेल, काही तिच्या सतराव्या वर्षी गेलेल्या आईसाठी असेल. सांडूनं ते विचारलं नाही. ‘समाप्त’ आलं तेव्हा तिनं नाक पुसलं.

“म्हंजी उठली तर व्हती,” ती म्हणाली. “मरन काय, पुढं सगळ्यांलाच हाय. मला मंगळवारी निस्तं उठायचंय.” आणि मग आवाज चढवून म्हणाली, “त्या इलियासभाईला एकेचाळीस वर्सं पेताड म्हनलात तुमी. लावा त्यांना फोन.”

इलियास पंच्याहत्तरीचा, सिल्लोडला मुलाकडं असतो. सांडूनं चाचरत माफी मागितली. इलियास एवढा हसला की त्याच्या सुनेनं फोन हातात घेऊन कोण बोलतंय म्हणून विचारलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता नर्सनं सरूबाईच्या बांगड्या काढून सांडूच्या रुमालात बांधून दिल्या. ती पडल्या पडल्या त्याच्याकडं बघून म्हणाली की नाष्टा करून घ्या, तोंड लई सुकलंय. मग तिला स्ट्रेचरवरून ढकलत आत नेलं आणि दार लागलं.

सांडू बाकावर बसला. साडेनऊला दार उघडलं, तो उभा राहिला. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं. साडेदहाला पुन्हा तसंच झालं. सुदर्शननं डॉक्टरांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले की चालू आहे, आत्ता काही सांगता येत नाही. खरं तेच ते सांगत होते. सायलीनं आबांचा हात धरला. सांडूला फार वाटलं की कुणीतरी आपल्याजवळ बसावं आणि छातीठोकपणे सांगावं की ती उठली, आम्ही आत्ताच पाहून आलो. पण असलं खोटं बोलणारा घरच्यांत तो एकटाच होता.