तिचं गाणं पहिल्या अंतऱ्यापर्यंतच

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन गेली अकरा वर्षं मी आणि बायको मिळून करतो. दोघं मंचावर उभं राहायचं, एकमेकांना टोमणे मारायचे, मधेमधे मुलांचे नाच आणि हौशी गायकांची गाणी. घरी ती मला ‘तू’ म्हणते. मंचावर ‘अहो’ म्हणते, आणि त्या ‘अहो’लाच पहिला हशा येतो. ही कल्पना माझी नाही. सत्तरच्या दशकात नाटक-सिनेमातलं एक नावाजलेलं जोडपं टीव्हीवर अर्ध्या तासाचा करमणुकीचा कार्यक्रम करायचं. त्यांच्यावरून मी ती उचलली. यंदा सेक्रेटरींनी सुचवलं की सबंध कार्यक्रमच त्या धर्तीवर करू, कपडेसुद्धा त्या काळचे.

बायकोपुढे दुसराच प्रश्न होता. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी तिला देऊ केली होती, आठवड्याचे चार दिवस, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मुलगी लहान असताना तिनं डेल्फ्टमधली पीएच.डी. अर्धी सोडली होती. त्यानंतरचं हे पहिलं मनासारखं काम. तिनं मला सांगितलं तेव्हा मी लगेच फोनवर गाड्यांच्या वेळा काढल्या. दारापासून दारापर्यंत तीन तास, झ्वोलला गाडी बदलायची. रोज सहा तास जमणार नाही, म्हणजे तिकडे खोली घ्यावी लागणार. एकूण एक आकडा बरोबर होता. ती ‘बरं’ म्हणाली आणि डिशवॉशर लावायला उठली.

त्या रविवारी दुपारी मी तयारी म्हणून तो जुना कार्यक्रम इंटरनेटवर शोधला. कुणीतरी पाच भाग चढवून ठेवले होते. मी ते सात-आठ वर्षांचा असताना पुण्यात, समोरच्या काकूंकडे सतरंजीवर बसून पाहिले होते. त्यांच्या टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावलेला असायचा, वर निळा, मधे गुलाबीसर, खाली हिरवा. त्या जोडप्यातली बाई उभी राहिली की तिचं कपाळ निळं दिसायचं. दर भागात ती एक गाणं सुरू करायची. पहिला अंतरा झाला की नवरा प्रेक्षकांकडे वळून तळहात पसरायचा आणि म्हणायचा, “घ्या, झाली सुरुवात.” सगळी खोली हसायची. एकदा माझी आई म्हणाली होती, “अरे, गाऊ दे की तिला.” त्यावर खोली अजूनच हसली. हा किस्सा मी मंडळात तीन वेळा सांगितलाय, तिन्ही वेळा हशा घेतलाय.

मुलगी डेल्फ्टला शिकते. शनिवार-रविवार ती कपडे धुवायला घरी आली होती. मागे उभी राहून तिनं दोन मिनिटं पाहिलं आणि डचमध्ये विचारलं, हा माणूस तिच्यावर चिडलाय का? मी मराठीत सांगितलं, नाही गं, विनोदी कार्यक्रम आहे. ती पुन्हा डचमध्येच म्हणाली, मग ती का हसत नाहीये? आणि कपडे वाळत घालायला वर गेली.

मी भाग मागे नेला. नवरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा ती त्याच्या मागे असते. तोंड गाण्यासाठी उघडलेलं असतं, मग ती ते मिटते. हसत नाही, रागावतही नाही. पुढचं वाक्य कुठलं ते आठवत असावी, इतकंच. मी कागद घेतला आणि मोजायला बसलो. माझी सवयच आहे. कारखान्यातही मी मोजमापाचंच काम करतो. सव्वीस मिनिटांच्या त्या भागात ती एकतीस वेळा बोलायला लागते. नऊ वेळा वाक्य पुरं होतं. गाण्याचा दुसरा अंतरा पाचपैकी एकाही भागात नाही. तो मला कार्यक्रमासाठी हवा होता, म्हणून इतरत्रही शोधलं. कुठेच मिळाला नाही.

बायको टेबलाशी पालेभाजी निवडत बसली होती. मी तिला आकडे सांगितले. यंदा हे टाळायला हवं, असं म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. आपण जरा समतोल ठेवू, म्हणजे काळाला धरून होईल. तिनं मान वर केली नाही.

“आणि आपलं?”

“आपलं काय?”

“गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ना. ते मोजलंस?”

मी मोजलं. जेवणाची वेळ होईपर्यंत तेच करत होतो. चाळीस मिनिटांत ती अडतीस वेळा बोलायला लागते, सात वेळा पुरं बोलते. एकदा ती तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या कवितेबद्दल सांगायला लागली होती. मी तळहात पसरला आणि तेच वाक्य म्हणालो. सभागृह हसलं. कॅमेरा एका कडेला होता, त्यामुळे माझ्या मागे तिनं तोंड मिटलेलं नीट दिसतं.

तिला आकडा सांगितला, पण तो चुकीचा असेल म्हणून परत मोजलं. मग पुन्हा तिच्याकडे गेलो.

“सात नाही, आठ आहेत,” मी म्हणालो.

“आठवं कुठलं धरलंस?”

“आभार मानलेस ते.”

“ते तू लिहून दिलं होतंस,” ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ग्रोनिंगनबद्दलही मी तिचं एकच वाक्य ऐकलं होतं. नोकरी आली आहे, हे. पुढचं सगळं मी बोललो होतो. तिला तिथे नेमकं काय करायचं आहे, जावंसं का वाटतं, चार दिवस काम करून उरलेले तीन दिवस ती इथे येणार की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला म्हणालो, तू सांग, मी मधे बोलणार नाही.

तिनं टेबलावर राहिलेले देठ गोळा केले, पिशवीत भरले.

“आता नको,” ती म्हणाली. “तू मोजशील.”

गुरुवारी, मुदतीच्या एक दिवस आधी, तिनं होकार कळवला. मला तो संध्याकाळी जेवताना कळला. अभिनंदन म्हणालो. त्यापुढे बोलायला माझ्याकडे बरंच होतं, विमा, खोलीचा करार, सायकल इथली न्यायची की तिकडे घ्यायची. मी भात वाढून घेतला.

शनिवारी सेक्रेटरींचा फोन आला. यंदा आम्हा दोघांचं जमणार नाही असं मी सांगत होतो, तेवढ्यात तिनं हात पुढे केला आणि फोन घेतला. मी करते, एकटी करते, असं तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी माझं काय, असं विचारलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “त्याला पडदा ओढायला ठेवा. वेळेवर ओढेल, त्याची खात्री देते.” पलीकडचं हसणं मला ऐकू आलं. तीही थोडी हसली. मी हसलो की नाही, आठवत नाही.

आता ती वरच्या खोलीत दार लावून तयारी करते. ती कविताही त्यात आहे. काल मी इस्त्रीचे कपडे ठेवायला वर गेलो तेव्हा ती मधेच अडली होती. पुढची ओळ मला येते; लग्न ठरल्यावर तिनंच मला ती ऐकवली होती, बहुतेक पूर्ण. मी जिन्यात उभा राहिलो. मग तिनं पहिल्यापासून सुरुवात केली आणि मी कपडे पायरीवर ठेवून खाली आलो.

एक तारखेला तिला खोलीची किल्ली मिळेल. उरलेल्या तीन दिवसांपैकी किती दिवस ती घरी येणार, हे मी अजून विचारलेलं नाही.